प्रॉम्प्टर श्रीपाद गप्प बसला, त्याची गोष्ट

श्रीपाद डिंगणकर मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये मेंदूचे आलेख काढायचा. पेशंटच्या डोक्याला तारा चिकटवायच्या, यंत्र चालू करायचं आणि उमटणाऱ्या रेघा बघत बसायचं. त्र्याऐंशी साली कराडहून चंडीगढला आला, तेव्हापासून हेच. पण इथल्या मराठी माणसाला तुम्ही ‘टेक्निशियन डिंगणकर’ कुठे राहतात असं विचारलं असतं, तर तो डोकं खाजवत राहिला असता. ‘प्रॉम्प्टर श्रीपाद’ म्हणाला असतात, तर थेट क्वार्टरच्या दारात आणून सोडलं असतं.

गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळाचं नाटक असायचं. दिवसभर हिंदीत बोलणारे डॉक्टर, प्राध्यापक, फौजी अधिकाऱ्यांच्या बायका, सगळे महिनाभर पाठांतर करायचे आणि ऐन वेळी विसरायचे. विंगेत वही घेऊन बसलेला श्रीपाद पुढचा शब्द हळूच सुचवून सगळ्यांना तारून न्यायचा. चौदा वर्षांत त्यानं कुणालाही स्टेजवर तोंडघशी पडू दिलं नव्हतं आणि त्याचा त्याला माफक अभिमान होता. माफक म्हणजे, वर्षातून दहा-बारा वेळा बोलून दाखवण्याइतका.

सत्त्याण्णव साली मात्र त्याचं गणित चुकलं. त्या वर्षीच्या नाटकात, नऊ वर्षांपूर्वी भांडून गेलेला मुलगा अचानक दारात येऊन उभा राहतो. आई त्याच्याकडे बघते आणि एकच शब्द बोलते, “जेवलास?” आईचं काम रत्नप्रभा मोहिते करत होत्या, चंडीमंदिरच्या छावणीत राहणाऱ्या कर्नलसाहेबांच्या पत्नी. तालमीत त्या तो शब्द लगेच म्हणून टाकायच्या. प्रयोगाला थांबल्या. हॉल चिडीचूप झाला. बाई विसरल्या, असं समजून श्रीपादनं विंगेतून “जेवलास” असं फेकलं, ते तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. लोक खो खो हसले. मग रत्नप्रभाबाईंनीही तो शब्द म्हटला, पण त्यात काही राम उरला नव्हता.

चंडीमंदिरला बारा दिवसांनी दुसरा प्रयोग होता. कर्नलसाहेबांची बदली झालेली, म्हणजे बाईंचा इथला तो शेवटचाच. मंडळाचे सेक्रेटरी नरेश गाडगीळ श्रीपादला म्हणाले, “यार श्रीपाद, चंडीमंदिरला दुसरा कुणी बघू का? तू पण दमतोस आता.” चूक दाखवली असती तर त्यानं ऐकून घेतलं असतं. हे दमणं त्याला फार लागलं.

त्याच आठवड्यात इन्स्टिट्यूटमधल्या डॉक्टर मीनाक्षी सबनीसांनी त्याला मेंदूवरच्या आपल्या प्रयोगाला बसवलं, या वेळी तारा त्याच्याच डोक्याला. कानात सेकंदा-सेकंदाला ‘टिक्’ वाजायचं आणि मधेच एखादं गाळलेलं असायचं. शेकडो नोंदींची सरासरी काढल्यावर श्रीपाद आलेखाकडे बघतच राहिला. जिथे टिक् वाजलंच नव्हतं, तिथेही लाट उठली होती.

“मॅडम, आवाज झालाच नाही. मग ही लाट कशाची?”

“अपेक्षेची,” मीनाक्षीताई म्हणाल्या. “मेंदू नुसता ऐकत बसत नाही हो. पुढं काय येणार ते आधीच मांडून ठेवतो आणि आलेलं त्याच्याशी ताडून बघतो. मला तर वाटतं, गाण्यात, गोष्टीत आपण गुंततो तेही यामुळेच. समेला जरा उशीर झाला की जीव टांगणीला लागतो ना?”

स्कूटरवरून घरी जाताना श्रीपादच्या डोक्यात तेच घोळत होतं. त्या दिवशी हॉलमध्ये तीनशे माणसं होती. आई आता काय करील, हे प्रत्येकानं मनात मांडलं असणार. कुणी थप्पड, कुणी हंबरडा, कुणी मिठी. आणि आपण त्या सगळ्यावर पाणी ओतलं. वहीवर बोट ठेवून बसणाऱ्याला पुढचं ठाऊकच असतं, त्यामुळे शांतता त्याला नुसती चूक वाटते. चौदा वर्षांत आपण एकही नाटक बघितलेलं नाही, हे त्याला तेव्हा कळलं आणि त्याला स्वतःची कीव आली.

रविवारी तो चंडीमंदिरला गेला. अर्धं घर काळ्या ट्रंकांमध्ये भरून झालं होतं.

“वहिनी, चुकलंच माझं. आणखी एकदा बसू द्या मला विंगेत.”

“राग आला होता, खोटं कशाला बोलू,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या. “भाऊ, मी थांबते ना, तेव्हा समोरचे सगळे मनातल्या मनात बोलत असतात. त्यांचं बोलून झालं की मग मी बोलायचं.”

“पण खरंच विसरलात तर? मला कसं कळायचं?”

“माझ्याकडं बघा. वहीत नका बघू.”

नरेशना त्यांनीच फोन केला, बसला तर श्रीपादच बसेल.

दुसऱ्या प्रयोगाला मुलगा दारात आला, तसं श्रीपादनं वहीवरचं बोट काढलं. बाई थांबल्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग मान वळवून विंगेकडे पाहिलं. श्रीपाद त्यांच्याकडे बघत होता. विसरल्या का थांबल्या, हे ठरवायला तो बसला होता, पण त्याच्या मनात भलतंच उठलं. कराडची एसटी, दारातली आई, “किती वाळलास रे” म्हणणारी. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि शेवटच्या आजारात त्याला रजा मिळाली नव्हती. पुढचा शब्द त्याला आठवेना.

“जेवलास?” रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

शंभर वेळा वाचलेला तो शब्द श्रीपादनं पहिल्यांदाच ऐकला आणि तो हमसून रडायला लागला. हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

पडदा पडल्यावर तो त्यांच्यापाशी गेला. “वहिनी, आज मी मधे बोललो नाही. ओळखलं मी, तुम्ही थांबला होतात.”

“थांबले कुठली? विसरले होते,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या. “म्हणून तर तुमच्याकडं बघितलं. तुमचं तोंड इतकं उपाशी दिसत होतं, की दुसरं काही विचारताच येईना.”