कंसातला दुसरा आकडा

ज्या चिन्हाचा अर्थ प्रश्नपत्रिकेनं सांगितलाच नाही, तो विद्यार्थ्यानं ओळखायचा कसा?

देवासच्या आमच्या कॉलेजात दिघे मॅडम संख्याशास्त्र शिकवत. फळ्यावर कुठलंही चिन्ह एकटं सोडायचं नाही, हा त्यांचा नेम. प्रसामान्य वितरणासाठी N(५०, ४) लिहिलं, की लगेच खाली लिहायच्या: सरासरी ५०, प्रचरण ४. कोणी कंटाळून उसासा टाकला तर म्हणायच्या, "भिया, मेहमान आया तो पहले पहचान कराते हैं, चाय बाद में."

काही पुस्तकांत तो दुसरा आकडा प्रमाण विचलन असतो, काहींत त्याचा वर्ग, म्हणजे प्रचरण. दोन्ही चालतं, न सांगणं चालत नाही. शेजारच्या तुकडीत विचलन शिकवत. म्हणून मॅडमनी विभागप्रमुखांना विनवलं, पेपरात एक शब्द घाला. मी सोबत होतो. "समझदार बच्चे समझ लेते हैं," एवढंच उत्तर मिळालं. बाहेर आल्यावर मॅडम माझ्याशी मराठीत बोलल्या, "यांना समजूतदार मुलं नकोत रे, मनकवडी हवीत."

पेपरात तो आकडा उघडाच आला. आमच्या वर्गातल्या, उदयनगरच्या रेखानं उठून विचारलं, तर पर्यवेक्षकांनी तिला खाली बसवलं. तिनं प्रचरण धरलं, तपासणाऱ्यानं विचलन. आमचं इतरांचं बाकीच्या प्रश्नांवर निभावलं. ती तेवढ्यावर नापास झाली. नापास झालीस तर घरी, हे वडिलांनी आधीच बजावलेलं होतं.

मॅडमनी अर्ज केले, उंबरठे झिजवले. निकाल बदलला नाही. वडील रेखाला न्यायला आले तेव्हा मॅडम बस स्टँडवर गेल्या. पोरीचं उत्तर बरोबर आहे, हे त्यांना परोपरीनं समजावत राहिल्या. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सही है तो फेल क्यों किया, मॅडम?"

बस निघून गेली.

पुढं मी याच मागणीचं पत्रक काढलं, कॉलेजच्या गेटवर वाटलं. संध्याकाळी त्याच्या पुड्यांत शेंगदाणे विकले जात होते. मॅडम निवृत्त होईपर्यंत फळ्यावर अर्थ लिहीत राहिल्या आणि पेपर तसेच निघत राहिले.

रेखाला परत आणणं माझ्या हातात नाही. पण तुम्ही शिकवत असाल, तर यंदाची प्रश्नपत्रिका छापायला देण्याआधी एकदा उघडा. प्रत्येक आकड्याशेजारी तो कशाचा आहे ते लिहा. शब्दांत लिहा.