गजूचा डावा पाय

गजूचं आजारपण सगळ्यात आधी मला दिसलं. मी ते दुरुस्त करून टाकलं.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं.

गजू आमच्या बँडचा ड्रमर. तो लातूरचा, मी नांदेडचा. गिटार माझं आणि रेकॉर्डिंगही माझंच. दुसऱ्या अल्बमची आठ गाणी, दर दुसऱ्या रविवारी एक, असं ठरलं होतं. तो सकाळच्या एसटीने यायचा.

आमचं संगीत थ्रॅश मेटल, रॉकचा सगळ्यात आक्रमक प्रकार. वेग प्रचंड, आणि ड्रमरचे दोन्ही पाय पेडलवर मशीनसारखे चालावे लागतात. रेकॉर्ड झालेला प्रत्येक ठोका कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दिसतो. जरा मागे पडला की माउसने कापून तालाच्या रेषेवर आणायचा. सगळेच करतात.

पहिल्या गाण्यात मी तीन-चार ठोके सरकवले.

तिसऱ्यात शेवटचा अख्खा भाग.

पाचव्यात डाव्या पायाचा प्रत्येक ठोका. उजवा मात्र जागेवर.

सहाव्या गाण्याच्या दिवशी तो एकच चप्पल घालून आला. लातूरला बसमध्ये चढताना डावी निसटली होती, ते त्याला नांदेड जवळ आल्यावर, लोह्याला कळलं. आम्ही खूप हसलो.

मी म्हणालो, "पायात चप्पल न्हाई, एवढं कळना का तुला?"

"झोपून राहिलाय बे तो पाय. तू हायस ना माउस घेऊन. सरकव."

मी सरकवलं.

आठव्या गाण्यात डावा पाय जवळजवळ थांबलाच. मी पहिल्या गाण्यातले ठोके कापून तिथे चिकटवले.

ऐकून गजू म्हणाला, "लई भारी वाजवलंय मी."

अल्बम आला. लोकांनी लिहिलं, हा माणूस आहे की मशीन?

दोन महिन्यांनी तो घरात पडला. डोक्यात गाठ निघाली. पाय कधीपासून असा आहे, डॉक्टरांनी विचारलं. घरचे म्हणाले, पंधरा-वीस दिवस.

मी तिथेच उभा होतो. माझ्या हार्ड डिस्कवर न कापलेलं सगळं होतं, पहिल्या रविवारपासून.

मी बोललो नाही.

काल लातूरला जाऊन काकूंना, त्याच्या आईला, सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला तवा दुखत होतं का रे?"

मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

आज आठवं गाणं त्याने वाजवलं तसंच इथे टाकतोय. उजवा पाय शेवटपर्यंत ऐकू येतो. डावा मधेच एकदा येतो. मग बराच वेळ येत नाही.

गजू, या वेळी मी काही सरकवलं नाही.

तुला शेवटचा नमस्कार.