फिटरभाऊ आणि दुसऱ्यांच्या आया

फिटरभाऊ म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडत, पण आशीर्वाद घेत नसत. वाकायचे, पायांना बोटं लावायचे आणि समोरच्या म्हातारीचा हात डोक्यापर्यंत येण्याआधीच मागे सरकायचे. तिचा हात तसाच हवेत राहायचा. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, माणूस घाईत असेल. पुढे लक्षात आलं की ते सगळ्यांशीच असं वागतात. म्हाताऱ्या हसून म्हणायच्या, पोर लाजाळू आहे. त्यावर कुणी जास्त विचार केला नाही.

आम्ही तेव्हा अंबरनाथला, कारखान्याच्या कामगारांसाठी बांधलेल्या बैठ्या खोल्यांत राहत होतो. खोल्यांच्या त्या ओळींना सगळे लाइनी म्हणत. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. माणसं कुठून कुठून आलेली, कुणी कोकणातली, कुणी देशावरची, कुणी इथलीच बदलापूर-वांगणीकडची. नोकरी लागली की माणूस आधी बायकोला आणायचा आणि गावाकडे वडील गेले की आईला. आई आली की चार दिवस कौतुक व्हायचं. नंतर ती दाराशी बसून राहायची. शेत नाही, गुरं नाहीत, हाक मारायला ओळखीचं कुणी नाही. माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या. त्या आल्या आणि पहिल्या पावसाळ्यातच त्यांचं बोलणं कमी झालं. विचारलं तर 'हं' म्हणायच्या, न विचारलं तर तेही नाही. मला घरकाम होतं, ह्यांना कारखान्यातली पाळी होती. त्या गप्प आहेत हे आम्हाला कळत होतं, पण त्यावर काही करायचं असतं हे सुचलं नव्हतं.

ते सुचलं फिटरभाऊंना. कारखान्यात ते फिटर होते, म्हणून हे नाव. पस्तिशीच्या आसपासचे, काळेसावळे, रुंद पंज्यांचे, एकटे राहणारे. पाळी संपवून आले की हातात पाना नाहीतर पक्कड घेऊन लाइनीतून फिरायचे. कुणाच्या चष्म्याची काडी तांब्याच्या तारेने बांधून दे, कुणाच्या काठीच्या टोकाला जुन्या टायरचा तुकडा ठोकून दे. सगळ्यात मोठं काम त्यांनी केलं ते सार्वजनिक संडासांत. म्हाताऱ्या माणसांना तिथे बसलं की उठता येत नसे आणि ही गोष्ट कुणी तोंडाने बोलतही नसे. सासूबाई सकाळी जेवढं टाळता येईल तेवढं पाणी टाळायच्या, ते का, हे मला फिटरभाऊंनी भिंतीत लोखंडी नळीचे आडवे दांडे बसवल्यावर कळलं. ते दांडे बसवताना ते मला एवढंच म्हणाले, "वहिनी, ह्यांना मागायची लाज वाटते. आपण बघायचं." मी मान खाली घातली. रोज एका खोलीत राहून मी बघितलं नव्हतं.

सकाळचा भोंगा व्हायच्या आधी माणसं कामाला निघाली की ते वाटेत उभे राहून एकच प्रश्न विचारायचे, आईला सांगून निघालास का. नवीन पोरं हसायची. एकाने चिडून म्हटलं होतं की आईला ठाऊक आहे मी कामावर जातो, रोज काय सांगायचं. तेव्हा फिटरभाऊ म्हणाले, "म्हातारं माणूस वाट बघतं ना, ते बसून नाही बघत. उभं राहून बघतं. सांगून गेलास तर तेवढा वेळ बसेल." तो पोरगा परत फिरला आणि सांगून आला. पुढे लाइनीत तशी रीतच पडली.

कारखान्याला सुट्टी असली की दुपारी मैदानाच्या कडेच्या चिंचेखाली ते सगळ्या म्हाताऱ्यांना जमवायचे. चालता न येणाऱ्यांना हातगाडीवर गोधडी टाकून आणायचे. कुणी निवडायला तांदूळ घेऊन येई, कुणी वाती वळायला कापूस. कोकणातली म्हातारी भुतांच्या गोष्टी सांगायची, देशावरची जात्यावरच्या ओव्या म्हणायची. उल्हासनगरच्या कँपातून एक वयस्क सिंधी गृहस्थ पायी यायचे. फाळणीत त्यांचं सगळं तिकडे राहिलं होतं आणि बराकीत बोलायला घरचं कुणी उरलं नव्हतं. सगळे त्यांना साईं म्हणत. ते सिंधीत बोलत, आमच्या म्हाताऱ्या मराठीत उत्तरं देत आणि गप्पा छान चालत. तिथेच एका दुपारी मी सासूबाईंना हसताना पाहिलं. पुढचे दात पडल्यापासून तोंडावर पदर घेऊन हसायची त्यांची सवय आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

सासूबाईंनीच एकदा त्यांना विचारलं, "अन् तुझी आई कुठं असती रं?"

"गावाला," असं म्हणून फिटरभाऊ हंडा उचलून नळावर गेले. हंडा भरलेलाच होता. सासूबाईंनी ते पाहिलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

अशी काही वर्षं गेल्यावर एका संक्रांतीला त्यांनी मोठा बेत केला. हळदीकुंकू सवाष्णींचं असतं, विधवांना कुणी बोलावत नाही. फिटरभाऊंनी ठरवलं की लाइनीतल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांना, विधवांनासुद्धा, तिळगूळ द्यायचा आणि घरच्या मुलांनी सगळ्यांसमोर त्यांच्या पाया पडायचं. दोन-चार घरांतून कुरकुर झाली, पण त्यांना नाही म्हणायला कुणाची जीभ रेटेना. साईंनी कँपातल्या दुकानदाराकडून लाउडस्पीकर मिळवला. लाइनीतल्या मंडळाने, त्यात आमचे हेही होते, असं मनात घेतलं की ह्या दिवशी फिटरभाऊंचा सत्कार करायचा. त्यांना विचारलं तर ते उठूनच गेले. मग कुणीतरी म्हणालं, त्यांचा नको तर त्यांच्या आईचा करू.

आई कुठे आहे ते कळलं मोळीवालीकडून. बदलापूरच्या पलीकडच्या डोंगरातून ती जळणाच्या मोळ्या घेऊन यायची. तिने फिटरभाऊंना ओळखलं होतं, पण त्यांनी तिला गप्प राहायला सांगितलं होतं. मंडळाच्या माणसांनी खोदून विचारल्यावर ती बोलली. बारवी नदीच्या काठच्या एका गावात त्यांची आई एकटी राहते, एवढंच तिने सांगितलं. मंडळाच्या माणसांना आनंद झाला. का गप्प राहायला सांगितलं असेल, हे कुणी विचारलं नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी दोघे जण बदलापुराहून बैलगाडी करून गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीला घेऊन आले. फिटरभाऊ तेव्हा मैदानावर कनात बांधत होते.

म्हातारीला आमच्या खोलीत उतरवलं. वाळलेली, उन्हाने करपलेली बाई. डोळ्यांवर पडदा आल्यासारखा दिसत होता. नेसूचं लुगडं ठिकठिकाणी दंड घातलेलं. सासूबाईंनी तिला स्वतःचं धुतलेलं लुगडं नेसायला दिलं, मी केसांना तेल लावलं. ती मला दोन-तीनदा म्हणाली, "त्यानंच बोलीवलं ना मना? ह्ये लोक तसं बोलले." मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे दुसरीकडे बघायला लागले. गाडीत बसायला म्हातारी तयार होईना, म्हणून आणायला गेलेल्यांनी तिला तसं सांगितलं होतं.

दुपारी मैदान भरलं. मंडळाच्या अध्यक्षांनी लाउडस्पीकरवरून फिटरभाऊंची खूप स्तुती केली आणि मग म्हणाले की अशा मुलाला जन्म देणाऱ्या माउलीचा आज आपण सत्कार करतो आहोत. सासूबाईंनी हाताला धरून म्हातारीला पुढे आणलं. फिटरभाऊ तिळगुळाचं ताट घेऊन उभे होते. त्यांनी तिला पाहिलं आणि ताट हळूच जमिनीवर ठेवलं. पळून जातील असं मला वाटलं. ते गेले नाहीत. तिथेच उभे राहिले.

म्हातारीला नीट दिसत नव्हतं. सासूबाईंनी तिला त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं, तशी ती म्हणाली, "तू बोलीवलंस म्हून आले."

फिटरभाऊ गप्प राहिले असते तर सगळं निभावून गेलं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण ते म्हणाले, "मी नाय बोलीवलं, आये. मना तोंडच नव्हतं."

अध्यक्षांच्या हातातली शाल हातातच राहिली. लाउडस्पीकर चालू होता, त्यामुळे पुढचं बोलणं अख्ख्या मैदानाने ऐकलं. फिटरभाऊ आईशी बोलत होते, पण सांगत होते आम्हा सगळ्यांनाच. बऱ्याच वर्षांपूर्वी भात लावणीच्या दिवसांत ते आणि त्यांचा धाकटा भाऊ पलीकडच्या शेतावरून परत येत होते. नदीचं पाणी चढलं होतं. आईने बजावलं होतं, पाणी चढलं तर पलीकडेच थांबा. घरी जायची घाई फिटरभाऊंनाच होती. भावाचा हात त्यांच्या हातात होता आणि मधल्या ओढीत तो सुटला. ते एकटे काठाला लागले. घरासमोर दिवा दिसत होता, आई दारात उभी असलेली दिसत होती. तिच्यासमोर एकट्याने जाऊन उभं राहवेना, म्हणून ते घराची वाट सोडून चालत सुटले. मुंबईत एका वर्कशॉपमध्ये काम शिकले, मग इथे आले. इथून गाव अर्ध्या दिवसाच्या अंतरावर होतं, पण त्या वाटेला ते कधी गेले नाहीत.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एक नदीनं नेला. त्याला विलाज नव्हता. दुसरा कोनी नेला, त्ये मना आजवर कोनी सांगंना." बदलापूरच्या बाजाराला जाऊन ती येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्याबद्दल विचारत असे. तिने हात पुढे करून चाचपलं. फिटरभाऊ गुडघ्यांवर बसले. तिचा हात त्यांच्या डोक्यावर टेकला आणि या वेळी ते मागे सरले नाहीत.

मैदानात कुणी वर पाहत नव्हतं. एका माणसाची झाकलेली जखम आम्ही सत्कार म्हणून लाउडस्पीकरवर उघडी केली होती. त्याहूनही मनाला लागलं ते वेगळंच. लाइनीतल्या प्रत्येक घराने आपली आई त्यांच्या हवाली करून टाकली होती आणि स्वतः मोकळं झालं होतं. अध्यक्षांनी हळूच लाउडस्पीकर बंद केला. तिळगूळ वाटायला साईं उठले, एकेका म्हातारीपुढे वाकून मोडक्या मराठीत "गोड बोला" म्हणत गेले. मग हळूहळू घरोघरची मुलं उठली.

दुसऱ्या दिवशी फिटरभाऊ आईला घेऊन गेले. परत आले ते नोकरी सोडायलाच. म्हातारी गाव सोडायला तयार नव्हती, धाकटा तिथल्याच पाण्यात गेला होता. सगळ्यांनी आग्रह केला, पेन्शनची नोकरी आहे, थोडा विचार करा. ते हसले नुसते. जाताना चिंचेखाली येऊन ते सगळ्यांच्या पाया पडले. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "जा तू. आता आपापल्या आया ही पोरं बघतील." हे वाक्य त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे बघून म्हटलं. त्यानंतर सुट्टीच्या दुपारी हातगाडी हे ओढायला लागले. फिटरभाऊंसारखं त्यांना जमत नसे, चढावर दम लागायचा, म्हाताऱ्या त्यांना हसायच्या. पण गाडी थांबली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंना घेऊन आम्ही त्या गावी गेलो. डोंगराच्या पायथ्याचं लहानसं घर, कुडाच्या भिंती, पुढे अंगण. म्हातारीची नजर आता पुरती गेली होती. फिटरभाऊ भाजावळीच्या, म्हणजे पावसाआधी शेतात पालापाचोळा जाळायच्या, कामातून आले, अंगाला राख लागलेली. आम्हाला पाहून त्यांना आनंद झाला, पण जेवताना ते आईसमोर मान खाली घालूनच बसले. ते हात धुवायला बाहेर गेले तशी म्हातारी मला म्हणाली, "त्याला तू सांग, बाय, मी रागावले नाय. माजं ऐकत नाय त्यो. तुजं ऐकंल."

मी अंगणात जाऊन सांगितलं. फिटरभाऊ हातावर पाणी घेत राहिले. मग म्हणाले, "रागावली असती ना वहिनी, तर मला सोपं गेलं असतं."

तेवढ्यात आतून म्हातारीने विचारलं, "हायस का रं?"

"हाय, आये," ते म्हणाले. "हितंच हाय."

ते परत कामाला गेले. दुपारभर ती थोड्या थोड्या वेळाने आतून हाक मारायची आणि ते असतील तिथून उत्तर द्यायचे. सासूबाई म्हणाल्या, हे रोजचंच असणार. आम्ही बदलापूरची गाडी पकडायला निघालो आणि बांध ओलांडून बरंच खाली आलो, तरी तिची हाक ऐकू येत होती आणि भाजावळीच्या धुरातून त्यांचं "हाय, आये."