अक्तीच्या सुटीतलं लग्न

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की माझं डोकं उठायचं. घरात चार पोरं, बाहेर आमच्या देवरी गावचं ऊन आणि दुपारी दुकान बंद करून आतल्या खोलीत झोपायला आलेले घरधनी. जरा आवाज झाला की ते उशीवरूनच ओरडत, "पोट्ट्यायले गप्प कर व!" आता गप्प करायला खाऊ लागतो, खेळणी लागतात. आमच्या दुकानात मीठ आणि तेल होतं. ते काही पोरांना खेळायला देता येत नाही. म्हणून फुकट मिळेल त्यावर मी भागवायची. सकाळी जंगलाच्या कडेला टेंभरं, चारं अशी रानफळं वेचायला पाठवायची, दुपारी चिंचोके द्यायची. थोड्याच दिवसांत चिंचोक्यांचा कंटाळा आला आणि पोरं एकमेकांच्या उरावर बसायला लागली.

अक्ती तोंडावर आली होती. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे अक्तीच म्हणतात. त्या दिवशी मुलं मातीच्या पुतळा-पुतळीचं लग्न लावतात. एरवी तासाभराचा खेळ. मी म्हटलं, यंदा आठवडाभर पुरवू. आटलेल्या तलावातली माती आणली, बाहुल्या घडवल्या, माझ्या फाटक्या लुगड्याच्या काठाचा शालू झाला, अंगणात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव पडला. थोरली मुलगी नवरीकडची, तिचे तिघे भाऊ वरपक्ष. घरधनी आठवडाभर सुखानं घोरले. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते, की काय सांगू!

थोरली नुकतीच चौथी पास झाली होती, वर्गात पहिली. मास्तरांनी घरी येऊन सांगितलं होतं, हिची शाळा थांबवू नका. सुट्या संपल्या की तिला गोंदियाला माझ्या भावाकडे शिकायला ठेवायचं ठरलं होतं. घरधन्यांनी हो म्हणायला वर्ष घेतलं, पण म्हटलं होतं.

अक्तीला यांची चिचगडची मावसबहीण आली होती. मीच तिला आग्रहानं मांडवात बसवलं. पुतळीच्या लग्नालाही मोठ्या माणसांना बोलावतात; ती खोटा-खरा आहेर करतात, पोरं हरखतात. पंगतीला मुरमुरे आणि पन्हं होतं. मधला मुलगा वराचा बाप झाला होता. तो पन्ह्याचा पेला लोटून रुसून बसला. "आमाले मान नाही भेटला! वरात वापस चालली!"

थोरलीनं दोरीवरचा पंचा ओढून डोक्यावर पदर घेतला आणि त्याच्यापुढं हात जोडले. "का चुकलं जी आमचं? चुकलं असन त पोटात घाला. आन् वरात नेता त न्या, पण पन्हं इथंच ठेवून जा."

सगळे खो खो हसले. वरबापानंही मुकाट्यानं पेला उचलला.

नणंद मात्र हसली नाही. ती पोरीकडे पाहत राहिली. "वहिनी, हे सारं हिनं केलं?"

मांडव मी बांधला होता, पन्हं मी केलं होतं, कोणी काय बोलायचं तेही अर्धं मीच पढवलं होतं. पण लेकीचं कौतुक निघालं की आईच्या जिभेला हाड राहत नाही. "सारं हिनंच," मी म्हणाले. "म्या त हातबी नाही लावला. उद्या घर हाती दिलं तरी चालवते पोट्टी."

ती आपल्या थोरल्या मुलासाठी मुलगी पाहत होती, हे मला ठाऊक नव्हतं. तिनं माझं बोलणं जसंच्या तसं घरधन्यांच्या कानावर घातलं. त्या काळी पोरींची लग्नं लवकरच ठरत; त्यात घरचीच माणसं, शेतीवाडी बरी, मामाची पोरगी करायची रीतच. नाही म्हणायला कोणाला जागाच दिसली नाही. मी रडले, भांडले, अन्न सोडलं. ते म्हणाले, "तूच म्हटलं ना, घर चालवते म्हणून? मंग गोंदियाले कायले धाडतेस?" लग्न जरा पुढं ठेवलं, पण ठरलेल्या मुलीला परगावी शिकायला कोण ठेवतं? आजही कोणी मला "तुमची पोरगी किती गुणाची" म्हटलं, की माझ्या अंगावर काटा येतो.

शाळा उघडली. भाऊ पाट्या घेऊन गेले. ती माझ्याशेजारी सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली. रडली नाही, रुसली नाही. सुपातले तांदूळ पसरत म्हणाली, "माय, त्या दिवशी म्या वराच्या बापाले मनवलं नसतं, वरात वापस जाऊ देली असती, त मी गोंदियाले गेली असती ना?"

पोरी, तुझं नाही, माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं मला. ओठांवर आलंही होतं.

"खडे पाहून वेच," मी म्हणाले.