हाताला खरखर लागली पाहिजे

पप्पा गेले आणि आईने लॅमिनेशनचा सपाटा लावला. पप्पांचं आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, शेवटी मृत्यूचा दाखलासुद्धा. बदलापूर स्टेशनबाहेरचा झेरॉक्सवाला तिला लांबून पाहूनच मशीन तापायला लावायचा. यावर शिक्का कुठे मारू, म्हणून बँकेतल्या माणसाने तो दाखला परत केला, तर आई त्याच्यावरच उखडली. माणूस तर गेलं, निदान कागद तरी नीट राहू देत, एवढंच तिचं म्हणणं. मी मध्ये पडले नाही. त्या दिवसांत मी कशातच पडत नव्हते.

माझी इंटर्नशिप त्याच सुमारास सुरू झाली. कलेच्या इतिहासात एम.ए. करायचं तर ती करावीच लागते. म्युझियम मुंबईत, पण त्यांच्या जुन्या कागदांना तिथे जागा उरली नव्हती, म्हणून सगळं अर्काइव्ह अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आणून ठेवलेलं. वर्गातल्या मुली मुंबईच्या म्युझियममधल्या जिन्यांवर फोटो काढत होत्या आणि मी बदलापुरातल्या आमच्या कुळगावातून शेअर रिक्षाने पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्याच्या शेजारी जात होते. मला त्याचंही काही वाटलं नाही.

काम सोपं होतं. जुन्या प्रदर्शनांची आमंत्रणं, चित्रकारांची पत्रं, त्यांना लागलेल्या गंजक्या टाचण्या आणि स्टेपल काढायच्या. पातळ पातीने हळूच उचलायच्या, ओढायच्या नाहीत. मग कागद फोल्डरमध्ये ठेवून पेन्सिलीने नंबर घालायचा. पेन नाही, डिंक नाही, सेलोटेप नाही. अर्काइव्ह सांभाळणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आणि लॅमिनेशन तर आमच्याकडे शिवी आहे. एकदा केलं की कागद गेला, परत निघत नाही." आईला हे सांगावं असं मनात आलं होतं. पण मृत्यूच्या दाखल्याचं आता आणखी काय वाईट व्हायचं होतं. मी टाचण्या काढत बसले. दिवसभर एसीची घरघर, कोणी बोलायला येत नव्हतं. मला बरं वाटायचं तिथे, म्हणजे वाईट वाटायचं नाही.

एका दुपारी डबे खाताना मॅडम म्हणाल्या की म्युझियमला भरतकामावर प्रदर्शन करायचंय. साड्या ढिगाने मिळतात, पण खाके कुठेच मिळत नाहीत. कारागीर ते फाटेपर्यंत वापरतात आणि फेकून देतात.

"माझे वडील खाके करायचे," मी म्हटलं.

त्यांचा घास हातातच राहिला. "आहेत घरी?"

"असतील थोडे."

पप्पांनी आयुष्यभर उल्हासनगरच्या साडीवाल्यांसाठी खाके केले. रांगोळीचा भोकाभोकांचा कागद असतो ना, तसंच, फक्त फार बारीक. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने वेलबुट्टी काढायची, खाली गोधडीची घडी घ्यायची आणि रेषेवरून सुईने टोचत जायचं. मग तो कागद साडीवर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा फिरवला की भोकांतून नक्षी खाली उतरते. त्यावर कारागीर भरतकाम करतो. टोचून झालं की पप्पा कागद उलटा करून माझ्यापुढे धरायचे. "बोट फिरव. हाताला खरखर लागली पाहिजे. गुळगुळीत लागलं तिथे माझी सुई झोपली." मी लहान होते तेव्हा हे माझं काम. एखादी जागा सापडली की मला कोण आनंद व्हायचा, आणि ते कपाळाला हात लावून बसायचे. पुढे मला कळलं की ते मुद्दाम एक जागा सोडायचे.

तिथले सिंधी शेठ लोक त्यांना "साईं, आप तो आर्टिस्ट हो" म्हणून चहा पाजायचे. कागदावर सही मात्र कधी पप्पांची नव्हती, शेठच्या दुकानाचा शिक्का असायचा. मॅडम म्हणाल्या, खाके चांगले निघाले तर म्युझियम घेईल, आणि खाली कार्डावर कलाकार म्हणून त्यांचं नाव लागेल. "सोमवारी सगळे घेऊन ये."

घरी मी हे जेवताना सांगितलं. आईने ताटावरून मान वर केली. पप्पा गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर असं काही मी पाहिलं नव्हतं.

"नाव लिहिणार? त्यांचं?"

"घेतले तर."

"घेतील का नाही? लग्नातल्या शालूचा मोर तर बघ त्यातला. शेठ मागत होता तो, ह्यांनी दिला नाही."

शनिवारी मी खरवईला मावशीकडे राहायला गेले आणि रविवारी संध्याकाळी परत आले. आई माझी वाटच बघत होती. तिने पलंगावर चादर टाकून त्यावर सगळे खाके ओळीने मांडले होते. आधी निळीचे डाग ओल्या फडक्याने पुसले होते, मग इस्त्री फिरवली होती, आणि मग स्टेशनबाहेर जाऊन सगळे लॅमिनेट करून आणले होते. मोर मोठा होता, त्यासाठी ती उल्हासनगरला मोठ्या मशीनवाल्याकडे गेली होती.

"चुरगळलेले कागद म्युझियमला कसे द्यायचे गं? लोक काय म्हणतील," आई म्हणाली. "बघ कसे चकाकतायत."

चकाकत होते खरे. मी छान झालेत म्हटलं आणि हातपाय धुवायला गेले. नळ चालू ठेवून बराच वेळ उभी राहिले. डोक्यात काहीही नव्हतं.

सोमवारी मी ते घेऊन गेले. का नेले कोण जाणे. मॅडमनी मोर उजेडाच्या टेबलावर ठेवला, भिंग घेऊन खूप वेळ वाकून पाहिला. "काय हात होता गं," त्या म्हणाल्या. मग बसल्या. "भोकं बुजलीयत सगळी. प्लास्टिक वितळून आत गेलंय. काढायला गेलं तर ट्रेसिंग पेपर टिकणार नाही."

"मग?"

"म्युझियम नाही घेणार. मी विचारीन, पण नाही घेणार." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी बरं म्हटलं आणि उरलेल्या दिवसात टाचण्या काढल्या.

घरी आल्यावर आईने दारातच विचारलं. "घेतले?"

"नाही."

"का? चांगले नव्हते?"

"चांगले होते. मॅडम म्हणाल्या, काय हात होता. त्यांच्याकडे जागाच नाहीये."

तिने माझ्या हातातून गठ्ठा घेतला, मोर वर काढला आणि पदराने पुसला. "जाऊ दे. बरं झालं लॅमिनेट करून घेतले. आता घरीच राहिले तरी ह्यांच्या कामाला काही होणार नाही."

चहा टाकायला ती आत गेली. मी मोर उलटा केला आणि बोट फिरवलं, चोचीपासून, मानेवरून, पिसाऱ्याच्या टोकापर्यंत. सगळीकडे गुळगुळीत. पप्पांची सुई कुठेच लागली नाही. तेव्हा मला कळलं की पप्पा गेले, आणि मी तिथेच खाली बसून रडले.

आई धावत बाहेर आली. "अगं, नाही घेतले तर नाही घेतले," ती माझं डोकं पोटाशी धरून म्हणाली. "आपल्याकडे आहेत ना."