रांगेतून परतलेला अर्ज

माझ्या पत्नीला हे ठाऊक नाही. आमच्या पाळकसाहेबांना ठाऊक नाही, आणि ज्या मंडळीचा मी अकरा वर्षे चिटणीस होतो तिच्यातील एकाही माणसाला ठाऊक नाही. प्रार्थनेतसुद्धा मी हे कधी पूर्ण शब्दांत उच्चारलेले नाही – ‘प्रभू, तुला सर्व कळते’ असे म्हणून मी घाईने पुढच्या विषयाकडे वळत आलो. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हेही काही धैर्याचे लक्षण नव्हे. एवढे मला समजते.

मनातले लिहिण्याची सवय नाही, तेव्हा थोडा अडखळेन. न्हावा शेव्याला एका मालवाहतूक कंपनीच्या मागच्या खोलीत मी एकतीस वर्षे कागदपत्रे तयार केली. माझे कागद बिनचूक असत. पण ते खिडकीवर नेऊन देणे, साहेबांसमोर उभे राहणे, आवाज चढवणे – हे काम नेहमी दुसऱ्या कोणाचे. मंडळीनेही मला चिटणीस केले ते याच गुणांसाठी. अक्षर बरे आणि बोलणे कमी. त्या दुसऱ्या गुणाला गुण म्हणावे का, हे त्या वेळी कोणी विचारले नाही. मीही नाही.

आमची मंडळी लहान. नगर-जालन्याकडून पोटासाठी इकडे आलेली साठेक मराठी ख्रिस्ती कुटुंबे. सानपाड्यात एका इमारतीच्या तळमजल्यावर आमची उपासना चाले. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे लहान पेले ठेवलेले तबक घेऊन आम्ही पंचमंडळी बाकांमधून फिरायचो. ज्याच्या मनात कोणाविषयी अढी आहे, त्याने आधी समेट करावा आणि मगच हात पुढे करावा, असा आमच्याकडे दंडक आहे. पाळायला अवघड. बहुतेक लोक – मीही – मनातल्या मनात एक घाईची तडजोड करून पेला उचलतात.

सगुणामावशी उचलत नसत.

सगुणामावशी म्हणजे पालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. कोपरखैरण्यात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, भाचीबरोबर राहायच्या. आईच्या मातीच्या दिवशी त्यांचे भावाशी काही बोलणे झाले होते. काय, ते त्यांनी कधी सांगितले नाही. पण त्या दिवसापासून भावाशी शब्द नाही, आणि म्हणून प्रभुभोजनही नाही. बावीस वर्षे. तबक घेऊन मी त्यांच्या बाकाशी आलो, की त्या ते दोन्ही हातांनी घ्यायच्या, क्षणभर धरायच्या आणि शेजारणीकडे द्यायच्या. एकदा हसत मला म्हणाल्या होत्या, “जयवंता, तुझं तबक मला पाठ झालंय बघ. कडेला पोचा आलाय त्याला.”

मग तो आजार आला. टाळेबंदी झाली, प्रार्थनास्थळांना कुलपे लागली. आम्ही फोनवरून उपासना करू लागलो – कोणाचा आवाज मागे, कोणाचा पुढे, गीताचे एक कडवे संपायला पाच मिनिटे. आणि त्याच दिवसांत, सगळे जग एकमेकांपासून लांब उभे असताना, जालन्याहून सगुणामावशींच्या भावाचा फोन आला. दोघे तासभर बोलले. भाची सांगत होती, अर्धा वेळ नुसते रडणेच चालले होते. दुसऱ्या दिवशी मावशींनी पाळकसाहेबांना कळवले, “आता मी घेईन. मला द्यायला या.”

त्यांचे हृदय आधीच थकलेले होते. डॉक्टरांनी फार आशा दिलेली नव्हती. त्यांना काय हवे होते, ते तुम्ही ध्यानात घ्या. भाकरीचा एक तुकडा आणि घोटभर रस. तेवढ्यासाठी त्या बावीस वर्षे थांबल्या होत्या.

अडचण अशी, की त्यांच्या इमारतीत दोन रुग्ण निघाले आणि इमारतीच्या तोंडाशी पत्रे ठोकले गेले. पाळकसाहेब सानपाड्याला. ते म्हणाले, मागच्या बाजूने, भाजीवाला जातो तसा जाऊन येतो, कोणाला कळणार? हे मावशींनी ऐकले आणि फोनवरच त्यांना सुनावले – मीही त्या फोनवर होतो. “चाळीस वर्षं मी लोकांना नियम सांगितले, पाळकसाहेब. आता माझ्यासाठी तुम्ही चोरासारखं यायचं? तसलं प्रभुभोजन माझ्या घशाखाली उतरायचं नाही. सरकारला विचारा. हो म्हटले तर या, नाही म्हटले तर राहू द्या. प्रभूला काही घाई नाही.”

विचारायचे काम अर्थात चिटणीसाचे. संगणकावर मिळणाऱ्या पासात असल्या कारणासाठी जागाच नव्हती; पोलीस ठाण्यात अर्ज देऊन अधिकाऱ्याची चिठ्ठी आणायची होती. ठाणे माझ्या घरापासून सात मिनिटांवर. अर्ज मी लिहिला. आजही तो मला शब्दशः आठवतो, कारण तो चांगला झाला होता. एकच व्यक्ती जाईल, मुखपट्टी व हातमोजे घालेल, दारातूनच विधी करील, दहा मिनिटांत परतेल. असा अर्ज कोण नाकारेल?

गुरुवारी सकाळी मी रांगेत उभा राहिलो. मंडपाखाली टेबल, टेबलामागे एक हवालदार. घसा बसलेला, डोळे तांबारलेले. तो प्रत्येकाचा कागद मोठ्याने वाचत होता, म्हणजे मागच्या साहेबांना ऐकू जावे. माझ्यापुढे चौघे. एका गृहस्थाला तो म्हणाला, “काका, लग्न आहे का मयत? दोन्ही नाय ना? मग घरी बसा ना, का आमच्या जिवावर उठलाय?” रांगेतले लोक हसले. कोणीतरी मागून म्हणाले, “काकांना घरी काकी बसू देत नाय, साहेब.” आणखी हसू.

पुढचे तिघे झाले. मी हातातल्या कागदाकडे पाहिले. वरच्या ओळीत माझ्याच सुंदर अक्षरात लिहिले होते – विषय : प्रभुभोजन विधीसाठी परवानगी मिळणेबाबत. तो हे मोठ्याने वाचणार. मग विचारणार, हे काय असते? आणि मला त्या रांगेदेखत सांगावे लागणार – भाकरीविषयी, पेल्याविषयी, ते कोणाचे शरीर आणि कोणाचे रक्त याविषयी. ती माणसे हसतील. की हसणार नाहीत, नुसती बघतील? मला कोणते अधिक नको होते, हे आजही सांगता येत नाही. तीस वर्षे शेजारी राहूनही मला ‘तुम्ही लोक नाताळला काय करता’ एवढेच विचारणारी माझ्या ओळखीची दोन माणसे त्या रांगेत होती.

मी कागदाची घडी घातली, काहीतरी विसरल्यासारखा खिसा चाचपला आणि रांगेतून बाहेर पडलो.

भीती आजाराची नव्हती. पोलिसांचीही नव्हती – काही वर्षे मी स्वतःला तसे सांगून पाहिले. मला माझ्या विश्वासाची लाज वाटली. एवढेच, आणि एवढे सगळे.

घरी येईपर्यंत सात मिनिटे होती. त्या सात मिनिटांत मी ठरवले असते, तर परत फिरता आले असते. संध्याकाळी पंचांच्या बैठकीत, फोनवर, पाळकसाहेबांनी विचारले, “काय झालं, जयवंतराव?” आणि मी म्हणालो, “नाही म्हणाले.”

एवढेच म्हणालो. बाकीचे लोकांनीच पुरे केले. दाविदकाका – आमचे सर्वांत ज्येष्ठ पंच – तडकले. “नाही म्हणाले म्हणजे? भाजीला हो, दारूला हो, आणि आमच्या म्हातारीला नाही? आपण मूठभर आहोत म्हणून चाललंय हे सगळं!” कोणी म्हणाले, धर्म पाळण्याचा हक्क घटनेने दिला आहे, दाद मागू. कोणी म्हणाले, अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे असे शास्त्रच शिकवते. तासभर वाद झाला, चांगला, अभ्यासू वाद – सत्ता कोठे संपते, विवेक कोठे सुरू होतो. लोक पोटतिडकीने बोलत होते. आणि ज्या नकारावर हा सगळा वाद उभा होता तो नकार कोणी दिलेलाच नव्हता. मी इतिवृत्त लिहीत होतो. मी लिहिले – ‘पोलीस ठाण्याने परवानगी नाकारल्याचे चिटणीसांनी सांगितले. मंडळीने दुःख व्यक्त केले.’

दाद मागायचा विचार मावशींनीच मोडून काढला. “त्यांना तरी काय हौस आहे? माणसं मरतायत. राहू द्या.”

त्यानंतर त्या एकोणीस दिवस जगल्या. एकोणीस दिवस मी सात मिनिटांवर राहत होतो. रोज सकाळी वाटे, आज जावे, आज म्हणावे की पुन्हा प्रयत्न केला आणि या वेळी मिळाली. खोटे तसेच राहिले असते, पण पेला तरी पोहोचला असता. का गेलो नाही? पहिला नकार खोटा होता हे उघड होईल, या भयाने. म्हणजे माझी अब्रू एका पारड्यात आणि त्यांची बावीस वर्षे दुसऱ्या पारड्यात – आणि मी रोज सकाळी चहा पिऊन माझे पारडे निवडत होतो.

विसाव्या दिवशी पहाटे भाचीचा फोन आला. मातीला आम्ही सात जण होतो. पत्र्याच्या फटीतून शेजारणींनी फुले दिली. जालन्याचा भाऊ येऊ शकला नाही.

हे एवढ्यावर संपले असते, तर कदाचित मी गप्पच राहिलो असतो. पुढे कुलपे निघाली, उपासना सुरू झाल्या, आणि नाताळाच्या आधी बंदोबस्ताची चौकशी करायला एक उपनिरीक्षक आमच्याकडे आले. साताऱ्याकडचे, पन्नाशीचे, मृदू बोलणारे. ते म्हणाले, टाळेबंदीत ते कोपरखैरण्याच्या ठाण्यात होते. चहा तयार होता. दाविदकाकांनी किटली उचलून आत नेऊन ठेवली. त्या सद्‌गृहस्थांना ते दिसले. का, ते कळले नाही.

मी त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेलो, तेव्हा ते सहज म्हणाले, “त्या दिवसांत तुमच्या लोकांपैकी कोणी आलं नाही हो आमच्याकडं. बाकी सगळे यायचे. एका आजीला गंगाजल पाठवायला मी शिपाई दिला होता. म्हातारं माणूस, शेवटची इच्छा, कोण नाही म्हणतंय?” मी म्हणालो, “हो, हो.” ते मोटरसायकलवर बसले. आत येऊन मी कोणालाही काही सांगितले नाही. त्या वर्षीच्या छापील अहवालात, माझ्याच शब्दांत, ठाण्याचा तो नकार आहे. मंडळीतली मुले आता तो आपल्यावर झालेला अन्याय म्हणून सांगतात. मी त्यांच्या मागच्या बाकावर बसलेला असतो.

आणखी एक गोष्ट राहिली आहे. ती मी एवढा वेळ टाळत आलो, हे तुमच्या लक्षात आले असेल.

त्या एकोणीस दिवसांपैकी एका दुपारी सगुणामावशींचा फोन आला. श्वास लागत होता, तरी बोलल्या. म्हणाल्या, त्यांना त्या अधिकाऱ्याचा राग आला होता, दोन रात्री झोप लागली नाही. एक अढी सुटली आणि दुसरी बसली, तर काय उपयोग? ती त्यांना काढून टाकायची होती. “नुसतं ‘त्या साहेबाला क्षमा कर’ म्हणून माझं मन भरत नाही. नाव घेतल्याशिवाय क्षमा होते का? जयवंता, तू तर समोर उभा होतास. काय नाव होतं त्यांचं?”

मी एक नाव सांगितले. लगेच सुचले. कोणाचेही असते तसे, साधे, चार अक्षरांचे.

त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले. मग मला म्हणाल्या, थांब, तूही माझ्याबरोबर राहा, आणि फोनवरच प्रार्थना करू लागल्या. त्या साहेबांना, त्यांच्या बायकामुलांना, त्यांच्या कामाला आशीर्वाद मागितला. त्यांनी नाइलाजाने नाही म्हटले असेल, ते त्यांच्या माथी लावू नको, म्हणाल्या. माझ्या मनात त्यांच्याविषयी आता काही नाही, म्हणाल्या. मध्ये मध्ये दम घ्यायला थांबत होत्या. आणि प्रार्थना संपल्यावर, आमच्याकडे रीत आहे तशी, त्या ऐकणाऱ्याच्या उत्तरासाठी थांबल्या.

मी म्हणालो, “आमेन.”