जेवणाच्या सुट्टीतली हवा

त्याला सगळे हवामिस्त्री म्हणत. हवा दाबून टाकीत भरणारे कॉम्प्रेसर दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. जड मोटर एकटा उचलायचा आणि खाली ठेवताना आवाज होऊ द्यायचा नाही. आपटून ठेवणाऱ्याला तो कामगार मानतच नसे.

मग कंपनीने धंद्याची रीत बदलली. कॉम्प्रेसर विकणं बंद. यंत्र कंपनीचंच, गिऱ्हाइकाकडे नुसतं बसवायचं. त्याने जितकी हवा वापरली, तितक्याचं बिल. यंत्राच्या अंगावर मुठीएवढी डबी लावली. ती थरथर, ताप, हवेचा खप, सगळं बसल्या जागी ऑफिसला कळवायची. काही बिनसतंय असं दिसलं तरच मिस्त्रीला धाडायचं.

"म्हणजे बिघडल्यावर जायचं नाही?" त्याने विचारलं.

"बिघडूच द्यायचं नाही, काका," ऑफिसातली मुलगी म्हणाली. "तुम्हाला बोलवायची वेळ आली नाही, की ते तुमचं चांगलं काम."

हे काही त्याच्या डोक्यात शिरेना. जे केलंच नाही ते काम चांगलं कसं? फोन येईना, पगार मात्र वेळेवर. घास गोड लागेना.

"बसून मिळतंय तर बसा की," बायको म्हणाली. "चार लोक जळतात तुमच्यावर."

"बसून पाठ दुखते," म्हणत त्याने पान्ह्यांची पिशवी उचलली.

तो न बोलावता फिरू लागला. एका फर्निचरच्या कारखान्यात जायचा तो जेवणाच्या सुट्टीत. करवती बंद असल्या की यंत्राचा आवाज नीट कळतो. कॉम्प्रेसर मागच्या शेडमध्ये, शेडची किल्ली याच्याकडे. टाकीच्या तळाचा कॉक उघडून साचलेलं पाणी सोडायचा. पाण्यामागून हवा फुसफुसत जायची, टाकी रिकामी व्हायची, मोटर ती पुन्हा भरायला लागायची आणि हा कान लावून बसायचा. मनाचं समाधान होईपर्यंत पुन्हा सोड, पुन्हा भर. मग कुलूप लावून गुपचूप परत. जेवणाऱ्यांना कशाला उठवा?

एक दिवस ऑफिसचा फोन आला. "काका, फर्निचरवाल्या वहिनींकडे बघून या. सुट्टीच्या वेळात हवेचा खप दिसतोय. त्या म्हणतात, तेव्हा काम बंद असतं."

तो पोचला तर तिथे घरातच जुंपलेली. नवऱ्यामागे कारखाना वहिनी चालवत होती आणि हाताशी धाकटा दीर. दुपारी ती जेवायला घरी जायची. दीर डबा खाऊन फळ्यांच्या थप्पीवर आडवा व्हायचा. त्या वेळी आत तो एकटाच.

"भाऊजी माझ्यामागे हवेच्या फवाऱ्याने बाहेरची पॉलिशची कामं ओढतायत," वहिनी म्हणाली. "डबीनेच सांगितलं. मीही सांगून टाकलंय, उद्यापासून यायचं नाही."

दीर हत्यारं पेटीत भरत होता. "वहिनी, मी झोपतो हो दुपारचा."

"झोपेत पॉलिश मारता?"

"मोटर ऐकू यायची. म्हटलं, टाकी भरतेय. ती काय, आपणहून भरते."

"आणि आपणहून रिकामीही होते?"

हवामिस्त्री मुकाट्याने मागे गेला. पाइपाच्या सांध्या सांध्याला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. गळती नाही, डबी ठीक, आणि दीर खोटारडा वाटत नाही. मग हवा गेली कुठे? त्याने फोन लावला.

"नेमकं कधी दिसतंय ते सांग, पोरी."

"काल दुपारीसुद्धा होतं."

"काल? काल तर मी इथेच होतो. चिटपाखरू नव्हतं."

"काका, कॉल नसताना तुम्ही तिथे काय करत होतात?"

"पाणी सोडलं. चालवून ऐकलं."

"म्हणजे हवा सोडलीत?"

"सोडली. पण वापरली कुणी नाही."

"काका, टाकीबाहेर गेली की ती वापरलीच."

"अगं, मी ती फेकली!"

"डबीला कसं कळणार? सर्व्हिसचं बटण दाबून करायचं ना. मग बिलात धरत नाही."

तो डबीवरच्या बटणाकडे बघत राहिला. त्याची समजूत अशी, की ते दाबलं की ऑफिसात घंटा वाजते. कशाला लोकांना त्रास, म्हणून त्याने त्याला कधी बोट लावलं नव्हतं.

पुढे येऊन तो म्हणाला, "वहिनी, ती हवा मीच सोडली."

"थट्टा सुचतेय, मिस्त्री?"

त्याने सगळं सांगितलं. सांगताना त्यालाच धड जुळेना.

"न बोलावता आलात, फुकट राबलात आणि बिल माझ्या नावावर?"

"तसंच दिसतंय. ऑफिसवाले कमी करून देतील. पण वहिनी, यात माझं काम चुकलं कुठे, ते मला अजून कळलेलं नाही."

वहिनीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पेटी उचलून निघालेल्या दिराकडे वळली. "ठेवा ती पेटी खाली, भाऊजी."

त्याने पेटीची कडी सोडली नाही. "डबीने सांगितलं, की जा. मिस्त्रीने सांगितलं, की थांबा. मी झोपतो म्हणून सांगत होतो, ते कुणाला ऐकू आलं?"

वहिनी पुढे झाली आणि पेटीची दुसरी कडी धरली. पेटी जड होती, तिचा हात खाली ओढला गेला.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

दीर तसाच उभा. तिच्या हाताला रग लागत होती, तरी ती सोडेना. शेवटी त्यानेच आपली बाजू वर उचलली आणि दोघांनी मिळून पेटी कामाच्या टेबलाखाली सरकवली. मग तो खाली बसला आणि कुणाकडे न बघता एकेक हत्यार बाहेर काढू लागला.